ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन
भारतीय रेल्वे कर्मचाऱ्यांचा देशव्यापी महासंघ. स्थापना १९२४. मुख्यालय नवी दिल्ली. तो हिंद मजदूर सभेशी संलग्न असून विभागीय रेल्वेंवरील संघटना त्याचे घटक आहेत. मध्य रेल्वेवरील नॅशनल रेल्वे मजदूर युनियन ही त्यांपैकी एक. व्ही. व्ही. गिरी, जयप्रकाश नारायण व जॉर्ज फर्नांडिस यांनी महासंघाचे अध्यक्षपद भूषविले.

१९५२ पासून स्थायी वाटाघाट यंत्रणेद्वारे बदल्या, बढत्या, कामाचे तास, निवासस्थाने इ. प्रश्न आधी विभागीय रेल्वे प्रशासनापुढे व तेथे न सुटल्यास रेल्वे मंडळापुढे मांडले जातात. केंद्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी (प्रथम श्रेणीचे अधिकारी, पोलीस इ. वगळून) १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन झाली. तीत मतभेद राहिल्यास वेतन व भत्ते, साप्ताहिक कामाचे तास आणि रजा या बाबी लवादाकडे सोपविता येतात.

बोनस, आठ तासांचा दिवस व वेतनसमानता या मागण्यांसाठी ८ मे १९७४ रोजी रेल्वे कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप सुरू झाला. सरकारने हजारोंना अटक केली, अनेकांना बडतर्फ केले. सुमारे वीस दिवसांनी संप मागे घेतला गेला. उत्पादकतेशी निगडित बोनस रेल्वे कर्मचाऱ्यांना १९७९ मध्ये मंजूर झाला. २००७ पासून संघटनांची मान्यता कर्मचाऱ्यांच्या गुप्त मतदानाने ठरते.