बहु-उद्भासनी छायाचित्रण
बहु-उद्भासनी छायाचित्रण : एकाच दृश्याची कमीअधिक उद्भासने देऊन घेतलेली दोन किंवा अधिक छायाचित्रे एकत्र करून, त्यातील तेजस्वी व छायेतील असे दोन्ही भाग सुस्पष्ट दिसतील असे एकच चित्र तयार करण्याची पद्धती. प्रकाशसंवेदी पृष्ठावर ठराविक काळ प्रकाश पडू देण्याच्या क्रियेस उद्भासन म्हणतात. दृश्यातील सर्वांत तेजस्वी व सर्वांत अंधाऱ्या भागांच्या दीप्तीचे गुणोत्तर फिल्मच्या वा संवेदकाच्या ग्रहणक्षमतेपेक्षा अधिक असल्यास दोन्ही टोके एका उद्भासनात नोंदली जात नाहीत. आकाश पांढरेफटक तरी होते किंवा भूभाग काळवंडतो. ही पद्धती संगणकामुळे सर्वत्र प्रचारात आली असली, तरी तिची मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आहे. आणि अशा चित्रास यथार्थ मानावे किंवा कसे, हा वादही जवळजवळ तितकाच जुना आहे.

प्रारंभ : फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आर्द्र कोलोडियन प्रक्रियेतील काचेची निगेटिव्ह मुख्यत्वे निळ्या व जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) किरणांनाच संवेदनशील असे. हिरवी झाडी व जमीन उमटण्यास लागणाऱ्या वेळात निळ्या आकाशाचे उद्भासन फार जास्त होई व ढग नाहीसे होत. ढगांची निगेटिव्ह स्वतंत्रपणे घ्यावी, अशी सूचना ईपॉलीत बायार (१८०१–८७) या फ्रेंच छायाचित्रकारांनी १८५२ मध्ये केली.

या कल्पनेचा सर्वांत यशस्वी उपयोग गूस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) यांनी केला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या ल ग्रे यांनी १८५६–५८ या काळात समुद्राची चित्रे घेतली. भूमध्य समुद्रावरील सेत येथे घेतलेले ‘मोठी लाट’ (१८५७) हे त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. समुद्राची व आकाशाची निगेटिव्ह वेगवेगळी असून, एकीवरून ठसा घेताना कागदाचा उरलेला भाग झाकावयाचा व नंतर त्यावर दुसरीचा ठसा घ्यावयाचा, अशी ही कृती होती. क्षितिजाची सरळ रेषा हाच सांधा असल्याने तो सहजी लक्षात येत नसे. त्यांच्या काही चित्रांत निरनिराळ्या समुद्रांवर तेच ढग आढळतात. त्यांची सर्वच समुद्रचित्रे मात्र अशी जोडलेली नव्हती.

यथार्थतेचा वाद : ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे रूपकात्मक चित्र १८५७ मध्ये मँचेस्टर येथील प्रदर्शनात मांडले. हेन्री पीच रॉबिन्सन यांच्या पाच निगेटिव्हच्या ‘मावळती ज्योत’ (१८५८) या चित्रात मृत्युशय्येवरील मुलगी दाखविली होती. ती खरी नव्हे हे कळल्यावर त्यावर टीका झाली. वस्तुतः या दोघांचा हेतू ल ग्रे यांच्यापेक्षा निराळा होता. त्यांना घडवून आणलेला प्रसंग रचावयाचा होता. ल ग्रे यांना डोळ्यांस दिसणारे, परंतु काचेवर न उमटणारे आकाश परत मिळवावयाचे होते. टीकेच्या ओघात हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला गेला. पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ मधील आपल्या ग्रंथात निसर्गनिष्ठ छायाचित्रणाचा पुरस्कार केला.

विसावे शतक : हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजकांच्या साहाय्याने संवेदनशीलता हिरव्या रंगापर्यंत वाढविण्याचा मार्ग दाखविला. पुढे सर्व रंगांना संवेदी काचा व फिल्म उपलब्ध झाल्या आणि आकाशाची स्वतंत्र निगेटिव्ह घेण्याची निकड कमी झाली. अँसेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास दृश्यातील दीप्तीचे विभाग पाडून उद्भासन व विकसन यांची सांगड घालणारी पद्धती मांडली. चार्ल्स वायकॉफ यांनी अण्वस्त्रांच्या स्फोटांचे चित्रण करण्यासाठी भिन्न संवेदनशीलतेचे तीन थर असलेली फिल्म तयार केली. एकाच फिल्मवर एकाच वेळी तीन उद्भासने मिळविण्याचाच हा प्रकार होता.

संगणकीय पद्धती : स्टीव्ह मान व रॉझलिंड पिकार्ड यांनी १९९५ मध्ये आणि पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये भिन्न उद्भासनांच्या चित्रांवरून दृश्यातील दीप्तीचे मूल्य गणिताने काढण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. यात प्रत्येक बिंदूसाठी योग्य उद्भासन झालेल्या चित्रांना अधिक महत्त्व दिले जाते. मिळालेली विस्तृत दीप्तिश्रेणी कागदावर किंवा पडद्यावर मावत नसल्याने ती संकुचित करावी लागते. एरिक राइनहार्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यासाठी मांडलेली रीत ॲडम्स यांच्या विभाग पद्धतीवर आधारलेली आहे. हे संकोचन अतिरेकाने केल्यास वस्तूंभोवती प्रभावलये दिसतात आणि चित्र कृत्रिम वाटते. दोन उद्भासनांच्या दरम्यान वस्तू हलल्यास तिची दुहेरी आकृती उमटते.

साधारणतः २०१० पासून भ्रमणध्वनींच्या कॅमेऱ्यांत ही जुळणी आपोआप होऊ लागली. ल ग्रे यांना सांधा कोठे आहे हे ठाऊक होते. आताच्या छायाचित्रकारास पुष्कळदा आपले चित्र जोडलेले आहे याचीही जाणीव नसते. त्यामुळे यथार्थतेचा प्रश्न मिटलेला नाही. चित्र किती उद्भासनांतून सिद्ध झाले यापेक्षा, ती उद्भासने एकाच स्थळाची व एकाच वेळेची आहेत काय, ही कसोटी वृत्तचित्रे व शास्त्रीय नोंदी यांच्या बाबतीत अधिक महत्त्वाची ठरते.