एम ८७ दीर्घिकेचा झोत : विविध तरंगलांबींतील निरीक्षणांचा इतिहास

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रातून निघणारे झोत रेडिओ तरंगांपासून गॅमा किरणांपर्यंत सर्व तरंगलांबींत प्रकाशतात. हे निरनिराळे प्रारण एकाच स्थानी व एकाच कणसमूहातून निर्माण होते काय, हा प्रश्न कसा उलगडत गेला, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कन्या दीर्घिकासमूहातील, सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली एम ८७ ही दीर्घिका होय.

१९१८ मध्ये लिक वेधशाळेतील हेबर कर्टिस यांनी या दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेल्या एका सरळ प्रकाशरेषेची नोंद केली. तिचा अर्थ मात्र लागला नाही. १९४९ मध्ये बोल्टन, स्टॅन्ली व स्ली यांनी कन्या राशीतील एका प्रबळ रेडिओ स्रोताचे स्थान याच दीर्घिकेशी जुळते, असे दाखविले. चुंबकीय क्षेत्रात अतिवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे, म्हणजेच सिंक्रोट्रॉन क्रियेने, झोताचा प्रकाश निर्माण होतो, असे श्क्लोव्हस्की यांनी १९५५ मध्ये सुचविले. तसे असेल, तर तो प्रकाश ध्रुवित असला पाहिजे. १९५६ मध्ये वॉल्टर बाडे यांना तसे ध्रुवीभवन आढळले आणि दृश्य व रेडिओ प्रारणांमागील भौतिक कारण एकच असल्याचे स्पष्ट झाले.

तथापि या ऐक्यातूनच नवा प्रश्न उद्भवला. आइन्स्टाइन उपग्रहाने झोताचे क्ष-किरणही टिपले. असे किरण देणारे इलेक्ट्रॉन काही वर्षांतच आपली ऊर्जा गमावतात. झोत तर हजारो प्रकाशवर्षे लांब आहे. अर्थात, कणांना वाटेतही पुनःपुन्हा ऊर्जा मिळत असली पाहिजे.

गॅमा किरणांनी हे कोडे अधिक गुंतागुंतीचे केले. २००५ मधील गॅमा उद्रेकाच्या सुमारास केंद्रापासून दूर असलेली, 'एचएसटी-१' नावाची झोतातील गाठ क्ष-किरणांत अतिशय तेजस्वी झाली होती. २००८ च्या उद्रेकासोबत मात्र केंद्राचेच रेडिओ तेज वाढले, तर २०१० मध्ये तशी रेडिओवाढ दिसली नाही.

यावरून एका उद्रेकावरून सर्वसाधारण नियम बांधणे धोक्याचे ठरते, हे ध्यानात येते. म्हणूनच २०१७ मध्ये कृष्णविवराच्या छायेचे वेध घेतले जात असताना इतर तरंगलांबींतही निरीक्षणे करण्यात आली. १९ वेधसाधनांच्या या नोंदी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. सर्व प्रारण एकाच भागातून येते, ही सुटसुटीत कल्पना त्यांच्याशी जुळली नाही. सारांश, प्रारणाची क्रिया समान असली, तरी त्याचे स्थान समान असेलच असे नाही. आणि हा भेद समकालिक निरीक्षणांवाचून कळत नाही.