ए, बी, सी आणि आमच्या काकू

गेले दोन वीकेंड रिलीजच्या गडबडीत गेले, त्यामुळे इथे लिहिणं राहिलं. या शनिवारी लेकीला कुठला सिनेमा दाखवावा म्हणून नेटवर शोधत होतो आणि 'प्लग्ड इन' या अमेरिकन ख्रिस्ती मंडळींच्या परीक्षणांत अडकलो. दोन तास कसे गेले कळलं नाही. प्रत्येक सिनेमाचे ठरलेले कप्पे: चांगल्या गोष्टी, अध्यात्म, शृंगार, हिंसा, शिव्या, दारू-ड्रग्ज. शिव्या तर अक्षरशः मोजलेल्या. आपण कोडमध्ये ग्रेप मारून नको ते शब्द शोधतो ना, तस्संच.

वाचताना कुर्डुवाडीच्या काकू आठवल्या. रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी राहायच्या. काका नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये. (बार्शी लाइट रेल्वे, 1897. तिच्यावर एकदा वेगळं लिहायचंय, ती आता ब्रॉडगेज झाली तरी.) काकू ख्रिस्ती, रविवारचं चर्च कधी चुकलं नाही. गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आला की माझी आई म्हणायची, "काकूंना विचारून ये, पोरांनी बघण्यासारखा आहे का."

'अमर अकबर अँथनी' (1977) काकूंना प्रचंड आवडायचा. आता बघा, अँथनी दारू विकतो, मारामाऱ्या करतो, वर कमाईतला वाटा देवाला देतो. कप्प्यांत टाकला तर साफ नापास! आणि एका साध्यासुध्या कौटुंबिक सिनेमाला मात्र त्यांनी "नको" म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यात बाईला कानाखाली मारतंय, अन् पोरं तिथंच टाळ्या वाजवतेत." मी रागावलो, चोरून दुसऱ्या घरी जाऊन बघितला. आणि हो, त्या जागी मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. काकूंना हे कधी सांगितलं नाही.

तर या कप्प्यांचा इतिहास. 1934 मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिकांनी 'लीजन ऑफ डीसेन्सी' काढलं. सिनेमांना अक्षरं: ए म्हणजे चालेल, बी म्हणजे काही भाग आक्षेपार्ह, सी म्हणजे निषिद्ध. लोक चर्चमध्ये उभं राहून शपथ घ्यायचे की असले सिनेमे बघणार नाही. लाखो तिकिटांचा प्रश्न, त्यामुळे स्टुडिओवाले सी मिळण्याआधीच कात्री चालवायचे. 1936 मध्ये पोप अकरावे पायस यांनी एका परिपत्रकात या कामाची वाखाणणी केली.

पण मोजणी सुरू झाली की काय होतं ते बघा. 1947 चा 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट', सांताक्लॉजचा, म्हणजे नाताळात घराघरात लागणारा सिनेमा. त्याला बी! कारण त्यातली आई घटस्फोटित. त्याच वर्षीचा 'ब्लॅक नार्सिसस', हिमालयातल्या नन्सची गोष्ट. त्याला सी, आणि अमेरिकेत तो कापून दाखवावा लागला.

गंमत म्हणजे त्याच कॅथलिक जगात दुसरी एक शाळा होती. 1928 मध्ये स्थापन झालेली 'ओसिक' ही आंतरराष्ट्रीय कॅथलिक सिनेमा संघटना महोत्सवांत स्वतःची बक्षिसं द्यायची. 1956 मध्ये कान महोत्सवात तिने 'पथेर पांचाली'चा खास उल्लेख केला. त्यात ना येशू ना चर्च. 1964 मध्ये व्हेनिसला पासोलिनीच्या येशूपटाला बक्षीस दिलं. पासोलिनी नास्तिक आणि मार्क्सवादी! 1995 मध्ये व्हॅटिकनने 45 चांगल्या सिनेमांची यादी काढली, त्यात तो होता, आणि आपला 'गांधी'पण.

दोन्ही शाळा एकाच माणसात भांडतात तेव्हा काय होतं? 2005 च्या 'ब्रोकबॅक माउंटन'वर अमेरिकन बिशपांच्या सिनेमा विभागाने बऱ्यापैकी कौतुकाचं परीक्षण लिहिलं आणि 'एल' दिला, म्हणजे मोजक्या प्रौढांसाठी. तक्रारी आल्या, आणि त्याचा 'ओ' झाला, म्हणजे नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह. मला त्या परीक्षकाची दया येते. असं अक्षर आम्हीपण अप्रेझलमध्ये बदललेलं पाहिलंय, असो.

आपल्याकडे हे थेट सरकारपर्यंत गेलं ते मे 2006 मध्ये, 'द विंची कोड'च्या वेळी. मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी निदर्शनं केली, माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शींनी चर्चच्या प्रतिनिधींबरोबर सिनेमा पाहिला, मग 'ए' सर्टिफिकेट आणि 'हे सगळं काल्पनिक आहे' अशी पाटी. (आपला 'ए' म्हणजे प्रौढांसाठी, लीजनच्या बरोबर उलटा!) तरीही नागालँड, तमिळनाडू, आंध्रने बंदी घातली. आंध्रची बंदी हायकोर्टात टिकली नाही. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. फोनवर काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "एवढ्यानं येशूला काय होतंय रे? तू जेवलास का?"

तर लेकीला शेवटी 'पथेर पांचाली' लावून दिला. कप्प्यांत मांडायचं तर चोरी आहे, शिव्याशाप आहेत, दोन मृत्यू आहेत. आगगाडी दिसल्यावर तिने विचारलं, "बाबा, ही तुमच्या कुर्डुवाडीची का?" दुर्गा गेली तेव्हा रडली, आणि हा सिनेमा का दाखवला म्हणून माझ्यावर चिडली. बंद करू का विचारलं तर नाही म्हणाली. आज दोन दिवस झाले, अजून एकच धोशा चालू आहे: अपूने तो हार तळ्यात का फेकला, आईला का नाही सांगितलं?