सोपाऱ्याच्या बंदरापासून मूळजी जेठा मार्केटपर्यंत

घरात नवे लुगडे आले म्हणजे त्याची किंमत आपण आवर्जून विचारतो. पण ते कोणकोणत्या पेठांतून फिरून आपल्या दारी आले, हे सहसा विचारीत नाही. वसई-विरारच्या भगिनींना तर हा प्रश्न परका वाटू नये. ज्या भूमीवर आपण राहतो, ती एके काळी स्वतःच मोठी पेठ होती.

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील बुरूड राजाच्या कोटात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूप उजेडात आला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच सोपाऱ्यात सापडलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बाजारपेठांच्या यादीत सोपाऱ्याचे नाव येते. पैठण व तेर येथील माल, त्यात तेरचे साधे कापड व तलम मलमल, गाड्यांवर लादून भडोचला नेत व तेथून तो समुद्रापार जाई, असे त्याच ग्रंथात म्हटले आहे. कल्याण बंदराविषयी मात्र एक मार्मिक नोंद आहे. सत्ता बदलल्यावर तेथील व्यापारास अडथळा झाला व चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. पेठ कोठे वसावी हे व्यापाऱ्याच्या इच्छेवर थोडेच असते; बंदर, वाट आणि राज्यसत्ता या तिघांच्या मर्जीवर ते अवलंबून असते.

त्या काळी कापडाचा धंदा किती सुसंघटित होता, याची साक्ष नाशिकच्या पांडवलेण्यांत मिळते. नहपान क्षत्रपाचा जावई ऋषभदत्त याने भडोच, सोपारे आदी ठिकाणी प्रवाशांसाठी निवारे बांधले. त्यानेच गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले. वर्षाचे व्याज झाले 240. त्यातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, अशी व्यवस्था केली. विणकरांचा संघ पेढीसारखा विश्वासपात्र होता, ही गोष्ट आपणा भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले. पोर्तुगीजांनी 1534 साली वसई घेतली व ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी झाली. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली. परंतु तोवर इंग्रजांची मुंबई डोके वर काढू लागली होती आणि हळूहळू सारा व्यापार तिकडे वळला.

कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या कापूस गिरणीची कंपनी काढली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इंग्लंडला अमेरिकन कापूस मिळेना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला व मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्यानंतरच्या दशकात मूळजी जेठा मार्केट उभे राहिले. काळबादेवी, मंगलदास मार्केट व भुलेश्वर मिळून कापडाची एक नगरीच तेथे वसली. विरारहून मुंबईला 1867 साली गाडी सुरू झाली आणि 1936 साली विजेची गाडी विरारपर्यंत आली. वसईच्या दुकानदाराने सकाळी जावे, माल पाहावा, संध्याकाळी गठडी घेऊन परतावे, हे सोपे झाले. जी भूमी पूर्वी माल जगाला पाठवी, ती आता मुंबईच्या पेठेचे किरकोळ टोक बनली.

घाऊक पेठेची रीत निराळी असते. तेथे ताका विकला जातो, किंवा सर्व रंगांचा संच घ्यावा लागतो. एकच सुंदर रंग निवडण्याची मुभा नसते. दलाल आपली दलाली घेतो, व्यापारी मुदतीची उधारी देतो, रोख देणाऱ्यास वटाव मिळतो. किरकोळ दुकानात निवड गिऱ्हाइकाची. जो रंग कोणी घेत नाही, तो शेवटच्या विक्रेत्याच्या कपाटात पडून राहतो आणि त्याचा नफा गिळतो. पेठेतला खरा धोका असा नेहमी शेवटच्या हाताकडे येतो.

तथापि शेवटचा हात दुबळा असतो असे मात्र नाही. 1930 च्या सविनय कायदेभंगात मुंबईच्या देशसेविका विदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक असलेली स्त्रीच दुकानाच्या दारात उभी राहून ‘घेऊ नका’ म्हणू लागली, तेव्हा मातब्बर व्यापाऱ्यांनाही विचार करावा लागला. त्याच वर्षी 12 डिसेंबरला काळबादेवी भागात विदेशी कापडाची लॉरी अडविताना गिरणी कामगार बाबू गेनू यांनी प्राण दिले. कापडाच्या पेठेतील रस्त्याला रक्ताचा इतिहास आहे, हे तेथे खरेदीस जाताना विसरू नये.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांकडे, कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा व्यवहार सुरतेकडे, तर तयार कपड्यांचा बराचसा धंदा उल्हासनगरकडे गेला. आता नकाशा पाहा. सुरत-मुंबई लोहमार्गावर वसई आहे आणि वसईहूनच भिवंडी व दिव्याकडे फाटा जातो. म्हणजे वाट पुन्हा आपल्या दारावरून गेली आहे!

आपल्या कितीतरी भगिनी घरी साड्या व ड्रेसचे कापड आणून विकतात. प्रत्येकी एकटी जाते, एकटीच संच उचलते, उरलेल्या रंगांचा तोटाही एकटीच सोसते. त्याऐवजी पाच-सहा जणींनी मिळून रोखीने खरेदी केली, तर वटाव मिळेल, रंग वाटून घेता येतील आणि भाड्याचा खर्चही विभागला जाईल. कोणत्या पेठेत कोणता माल काय भावाने मिळाला, याची एक सामाईक वही मंडळात ठेवावी. गोवर्धनच्या विणकरांनी एकत्र येऊन जी पत मिळविली, ती शूर्पारकच्या लेकींना मिळविता येऊ नये, असे काही नाही. येत्या वर्षी एवढे एक कार्य आपल्या मंडळाने हाती घ्यावे.