वनस्नान आणि एका झाडाची किंमत

मध्यंतरी ऑफिसात एक 'वेलनेस' सेशन झालं. पहिलीच स्लाइड होती, 'शिनरिन-योकु: जपानची हजारो वर्षांची परंपरा'. शिनरिन म्हणजे जंगल, योकु म्हणजे स्नान. मग डोळे मिटा, श्वास घ्या वगैरे. एसी हॉलमध्ये बसून जंगलातली अंघोळ! तेव्हा मान डोलावली, पण शनिवारी जरा खोदकाम करायला बसलो आणि गंमतच निघाली. हा शब्द १९८२ सालचा आहे. आमच्या टीममधल्या काही सीनियर मंडळींपेक्षाही लहान :)

शिवाय तो कुठल्या झेन गुरूने नाही, सरकारी खात्याने काढला. जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी. सूर्यस्नान असतं, समुद्रस्नान असतं, तसं वनस्नान. खात्याची अडचणही होतीच. महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकीच्या लागवडीने भरले होते. १९६४ मध्ये लाकडाची आयात खुली झाली आणि स्वस्त परदेशी लाकडापुढे घरच्या लाकडाला गिऱ्हाईक मिळेना. तिकडे शहरातली माणसं कामाने पिचलेली. मग द्या दोघांची गाठ घालून! मला यात काही वाईट दिसत नाही. सरकारी खात्याला इतकी बरी कल्पना सुचली याचंच कौतुक वाटतं.

पहिला कार्यक्रम झाला नागानो प्रांतात, किसो खोऱ्यातल्या आगेमात्सु गावाजवळच्या आकासावा जंगलात. तिथली हिनोकी झाडं ३०० वर्षांहून जुनी आहेत. इथे मी अडकलो. तीनशेच का? हजार का नाहीत?

कारण त्याआधी हे डोंगर जवळजवळ बोडके झाले होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ले आणि शहरं बांधायला किसोचं लाकूड नदीत सोडून खाली नेलं गेलं. शेवटी ओवारीच्या सरदार घराण्याने १६६५ पासून जंगलं बंद करायला सुरुवात केली, १७०८ मध्ये हिनोकीसह ठरावीक जातींच्या तोडीवर बंदी आली. 'झाड एक, डोकं एक' असा हिशेब सांगितला जाई. म्हणजे हिनोकी तोडलीत तर मुंडकं उडणार. ज्यांचं पोट डोंगरावर, त्या गावकऱ्यांनी समोरचं झाड नुसतं बघायचं.

१८६८ नंतर राजवट बदलली, गावकऱ्यांना वाटलं आता आपलं जंगल आपल्याला मिळेल. कसलं काय! बंदी उलट आणखी आवळली गेली आणि पुढे हे जंगल सम्राटाच्या मालमत्तेत गेलं. तोसोन शिमाझाकी या लेखकाच्या 'योआके माए' कादंबरीचा नायक (तो लेखकाच्या वडिलांवरून बेतलेला आहे) याच जंगलाच्या हक्कासाठी अर्ज-विनंत्या करतो आणि बदल्यात गावप्रमुखाचं पद गमावतो. त्या स्लाइडवर हे कुठेच नव्हतं.

आता फायद्याचं. शब्द आधी आला, पुरावे नंतर! २००५ मध्ये चिंग ली या डॉक्टरांनी तोक्योतल्या कंपन्यांमधले बारा पुरुष नागानोतल्याच इइयामाच्या जंगलात तीन दिवस फिरवले. बारापैकी अकरा जणांच्या रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पेशी, जास्त सक्रिय झालेल्या दिसल्या. नंतर शहरातल्या सहलीशी तुलना केली, तिथे तसं काही दिसलं नाही. झाडं हवेत सोडतात त्या सुगंधी द्रव्यांचा यात वाटा असावा असं त्यांचं म्हणणं. पण बाराच माणसं? एवढ्या टेस्ट डेटावर आमच्याकडे रिलीज मिळत नाही. ताण कमी होतो, नाडी संथ होते हे मात्र इतर अभ्यासांतही दिसतं. कृती अगदी साधी. फोन बंद, कुठे पोचायचं नाही, हळू चालायचं, वास घ्यायचा, आवाज ऐकायचे. ट्रेक नव्हे, हे आपल्या गडप्रेमी मंडळींना सांगायला हवं!

असो. आकासावात लाकूड वाहणारी छोटी रेल्वे १९७५ मध्ये बंद पडली, १९८७ पासून तिच्यात पर्यटक बसतात. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, पुढची पाळी २०३३ ची. त्यासाठी जून २०२५ मध्ये आगेमात्सुच्या जंगलात विधीपूर्वक हिनोकी तोडल्या गेल्या. खोडाला तीन बाजूंनी, कुऱ्हाडीनेच.