तेलाची टाकी आणि माणसाचा दाखला

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान यांच्या नावावरून त्या शहरातील हिमायतनगर ओळखले जाते. शहराचा हा गजबजलेला भाग. रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींना जे पेट्रोल लागते, ते पंपाच्या फरशीखाली पुरलेल्या टाक्यांत साठविलेले असते. पंपाला परवाना असतो, माप देणाऱ्या यंत्रावर सरकारी मोहोर असते. परंतु टाकी साफ करावयास आत उतरणाऱ्या मनुष्याला आपल्या कामाचे ज्ञान आहे की नाही, हे कोणी पाहावयाचे? हा प्रश्न कायद्याला फार उशिरा सुचला. तो का व कसा सुचला, याचा इतिहास उद्बोधक आहे.

हिंदुस्थानात खनिज तेलाविषयीचे कायदे 1881, 1886 आणि 1899 या साली झाले. त्यानंतर 1934 चा पेट्रोलियम कायदा आला. या कायद्यांची दृष्टी प्रामुख्याने तेलावर होती. तेलाची वाफ किती उष्णतेला ठिणगीने पेट घेते, यावरून तेलाचे वर्ग ठरले. आजच्या वर्गवारीत 23 अंश सेल्सिअसच्या खालीच पेट घेणारे तेल 'अ' वर्गात मोडते. पेट्रोल त्यात येते. 23 ते 65 अंशांपर्यंतचे 'ब' वर्गात आणि 65 ते 93 अंशांपर्यंतचे 'क' वर्गात जाते.

तेलाची परीक्षा करणाऱ्या यंत्राची काळजी तर 1934 च्या कायद्याने मोठ्या कसोशीने घेतली. ते यंत्र सरकारी प्रमाणयंत्राशी ताडून पाहावे, जुळल्यास त्याच्या अंगावर क्रमांक व तारीख कोरावी आणि तसा दाखला द्यावा, असे त्यात सांगितले आहे. नमुना तपासणारा अधिकारीही सरकारने नेमलेला असावयाचा. तेलाला वर्ग मिळाला, यंत्राला क्रमांक मिळाला, अधिकाऱ्याला अधिकार मिळाला; टाकीत उतरणारा मजूर मात्र अनामिकच राहिला.

निजामाच्या राज्यात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. 1948 साली ते राज्य भारतात विलीन झाले आणि 1950 च्या राज्यघटनेने पेट्रोलियम हा विषय केंद्राच्या सूचीत घातला. त्यामुळे हिमायतनगरातील टाकीचा परवाना हा केंद्रीय नियमांचा विषय ठरला. हे नियम राबविणाऱ्या स्फोटक खात्याची परंपरा 1898 पर्यंत मागे जाते, आणि त्याचे मुख्य कार्यालय आज आपल्या नागपुरात आहे. कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षिततेवर देखरेख मात्र राज्य सरकारचे निरीक्षक करीत आले. तेल एकाच्या हाती आणि मजूर दुसऱ्याच्या, अशी ही वाटणी झाली.

येथे टाकीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. सामान्य समजूत अशी की भरलेली टाकी धोक्याची आणि रिकामी निर्धोक. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात असले, की एक ठिणगी पुरे. शिवाय तळाच्या गाळात मुरलेले तेल, गाळ ढवळताच पुन्हा वाफ सोडते. म्हणजे सकाळी निर्धोक ठरलेली टाकी दुपारी निर्धोक असेलच असे नाही. हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे धैर्यच त्याचा घात करते.

हे सत्य स्पष्टपणे मान्य केले ते 1948 च्या कारखाने कायद्याने. विषारी वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत उतरण्यापूर्वी, सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, किंवा उतरणाऱ्याने श्वसनाचे साधन आणि दोर बांधलेला पट्टा वापरावा, असा दंडक त्याच्या 36 व्या कलमात होता. परंतु 'सक्षम' कोणाला म्हणावे? त्याची व्याख्या कायद्यात आली ती 1987 साली, भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर. पुढे 2002 च्या पेट्रोलियम नियमांतही मुख्य नियंत्रकाने मान्यता दिलेल्या सक्षम व्यक्तीला स्थान मिळाले.

तेल वाहून नेणाऱ्या चालकाकडे कायद्याने त्याआधीच लक्ष दिले होते. 1989 च्या मोटार वाहन नियमांनी धोकादायक माल नेणाऱ्या चालकांना प्रशिक्षण आणि अनुज्ञप्तीवर तशी नोंद आवश्यक केली. चालकाला दाखला मिळाला, तपासणाऱ्यालाही मिळाला. प्रत्यक्ष आत उतरणारा मात्र अजूनही बव्हंशी दुसऱ्याच्या सहीच्या भरवशावर उतरतो.

अमेरिकेने निराळा मार्ग धरला. तेथील 2005 च्या कायद्याने जमिनीखालच्या टाक्या सांभाळणाऱ्यांना शिक्षण देण्याचे बंधन घटक राज्यांवर घातले आणि त्या माणसांचेच अ, ब, क असे तीन वर्ग पाडले. क वर्गात पंपावर नित्य उभा राहणारा, गळती वा आग लागताच प्रथम धावणारा साधा नोकरही आला. अक्षरे तीच, पण आपल्याकडे ती तेलाला लागली, तिकडे माणसांना.

हा भेद केवळ कागदी नाही. 29 ऑक्टोबर 2009 रोजी जयपूरच्या तेलसाठ्यात आगीचा आगडोंब उसळला आणि 11 जणांचे प्राण गेले. झडपा कोणत्या क्रमाने उघडावयाच्या, याचा नित्याचा नियम पाळला गेला नाही, हे चौकशी समितीने नमूद केले. रचनेतील दोषही तिने दाखविला. असा क्रम परवाना पाळत नाही. तो हात पाळतो, आणि हाताला तो शिकवावा लागतो.

दाखला म्हणजे कामगाराच्या वाटेतील अडसर, असे काहींना वाटते. गरिबाची रोजी अडेल इतका तो महाग वा दुर्मिळ झाला, तर हा आक्षेप खराही ठरेल. म्हणून शिक्षणाचा भार मालकाने आणि शासनाने उचलणे हेच न्यायाचे. योग्य रीतीने दिलेला दाखला मजुराच्या हाती एक अधिकार देतो: तपासणी झाल्यावाचून आत उतरणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार. ज्या कायद्याने यंत्राच्या अंगावर तारीख कोरण्याची दक्षता घेतली, त्याने टाकीत उतरणाऱ्या माणसाचे नावही तितक्याच आदराने लिहून ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.