घड्याळजीची उमेदवारी : कार्यशाळेकडून विद्यालयाकडे

एखादी कारागिरी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, या प्रश्नाचा विचार बहुधा अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात तो घड्याळे तयार करणे व दुरुस्त करणे या एका व्यवसायाच्या इतिहासातून, आणि काही अंशी शब्दांच्या इतिहासातून, पाहावयाचा आहे. हा व्यवसाय निवडण्याचे कारण असे की, गणित व पदार्थविज्ञान यांच्या आधारे शब्दांत मांडता येणारे ज्ञान आणि केवळ हाताला व डोळ्याला अवगत होणारे ज्ञान, ही दोन्ही येथे एकाच बाकावर एकत्र येतात. पहिले ग्रंथांतून मिळू शकते. दुसरे कसे मिळते, आणि ते देणारी व्यवस्था मोडली म्हणजे काय होते, हा येथील विवेचनाचा विषय होय.

इंग्लंडमधील उमेदवारीच्या जुन्या करारपत्रांत, उस्तादाने आपल्या धंद्याची 'आर्ट' आणि 'मिस्टरी' उमेदवारास शिकवावी, अशी ठराविक भाषा आढळते. यांतील 'मिस्टरी' म्हणजे रहस्य नव्हे. सेवा किंवा कामगिरी अशा अर्थाच्या 'मिनिस्टेरियम' या लॅटिन शब्दापासून तो आलेला असून फ्रेंचमधील 'मेतिए' हा व्यवसायवाचक शब्द त्याच कुळातील आहे. रहस्यवाचक 'मिस्टरी' मुळात ग्रीक. हे दोन भिन्न शब्द उच्चारसाम्यामुळे इंग्रजीत एकरूप झाले आणि त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळले. हा केवळ भाषिक अपघात होता असे मात्र म्हणता येत नाही. कारण उमेदवाराने धन्याची गुपिते राखावीत, ही अटही त्याच करारपत्रात असे. लग्न करू नये, पत्ते वा फासे खेळू नयेत, गुत्त्यांत जाऊ नये, या अटी तिच्याच शेजारी असत. धंदा आणि गुपित यांची सांगड अशी कायद्यानेच घातलेली होती.

या व्यवस्थेस इ. स. १५६३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सार्वत्रिक रूप दिले व उमेदवारीची किमान मुदत सात वर्षे ठरविली. लंडनच्या घड्याळजींच्या संघास पहिल्या चार्ल्स राजाची सनद १६३१ मध्ये मिळाली आणि त्या नगरातील घड्याळजींच्या उमेदवारीवर संघाचे नियंत्रण आले. जिनीव्हात घड्याळजींच्या संघाचे नियम त्यापूर्वीच, १६०१ मध्ये, अस्तित्वात आले होते. तेथील व्हाशेराँ या प्रसिद्ध पेढीचा आरंभ १७५५ चा मानला जातो, तोही त्या वर्षी ज्याँ-मार्क व्हाशेराँ याने आपल्या पहिल्या उमेदवाराशी केलेल्या कराराच्या आधारे. एका पेढीचा जन्मदाखला म्हणून उमेदवारीचा करार पुढे केला जावा, यावरून त्या काळी या नात्यास केवढे महत्त्व होते हे स्पष्ट होते.

या नात्याची फळे कशी असत, हे एका परंपरेवरून दाखविता येईल. जॉर्ज ग्रॅहॅम हा १६८८ मध्ये हेन्री आस्क याचा उमेदवार झाला, १६९५ मध्ये मुक्त झाला आणि पुढे थॉमस टॉम्पियन या विख्यात घड्याळजीच्या कार्यशाळेत गेला. ग्रॅहॅमकडे १७३० मध्ये थॉमस मज हा मुलगा उमेदवार म्हणून आला. चक्रांची गती टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या यंत्रभागास 'एस्केपमेंट' म्हणतात. त्याचा तरफयुक्त प्रकार मजने अठराव्या शतकाच्या मध्यास शोधून काढला. आजच्या बहुतेक यांत्रिक मनगटी घड्याळांत त्याचीच सुधारलेली आवृत्ती असते.

मग या परंपरेत जे दिले-घेतले जात होते ते शब्दांत सांगण्याजोगे होते काय? या प्रश्नाची जणू परीक्षाच १७६५ मध्ये घडून आली. समुद्रावर रेखांश ठरविण्यास उपयुक्त असे घड्याळ जॉन हॅरिसन याने सिद्ध केले होते. हॅरिसन हा सुताराचा मुलगा. कोणाही घड्याळजीकडे त्याने उमेदवारी केलेली नव्हती. पारितोषिकाची रक्कम देण्यापूर्वी रेखांश-मंडळाने अशी अट घातली की, त्याने तज्ज्ञांसमोर घड्याळ उघडून त्याची रचना समजावून द्यावी. त्याप्रमाणे ऑगस्ट १७६५ मध्ये त्याने घड्याळाचा प्रत्येक भाग सुटा करून दाखविला. पाहणाऱ्यांत मज होता, तसाच लार्कम केंडल हाही होता. तेवढ्याने मंडळाचे समाधान झाले नाही. दुसऱ्या कारागिरास तसेच घड्याळ करता येते की नाही हे पाहण्यासाठी केंडलकडे प्रतिकृतीचे काम सोपविण्यात आले. केंडलने रीतसर उमेदवारी केलेली होती, रचनेचे स्पष्टीकरण प्रत्यक्ष ऐकले होते आणि नमुनाही त्याच्या हाती होता. तरीही त्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. १७६९ मध्ये पूर्ण झालेली ती प्रतिकृती पुढे कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५ या काळात, उत्तम चालली. सारांश, रहस्य सांगता येत होते. परंतु ते सांगणे म्हणजे घड्याळ करता येणे नव्हे.

असे असता, १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथात ॲडम स्मिथने दीर्घ उमेदवारीवर टीका करताना नेमके घड्याळजींचेच उदाहरण घेतले आहे. अशी यंत्रे प्रथम शोधून काढणे हे गहन विचाराचे काम खरे. परंतु एकदा ती शोधली गेल्यावर ती कशी करावीत हे तरुणास समजावून देण्यास काही आठवडे, किंबहुना काही दिवस, पुरतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. यात कसलीही 'मिस्टरी' नाही, असे म्हणताना त्याने करारपत्रातील तोच शब्द वापरला आहे, हे लक्षणीय होय. स्मिथ अनभिज्ञ नव्हता. हाताचे कौशल्य पुष्कळ सरावावाचून येत नाही, हे त्याने तेथेच मान्य केले आहे. त्याचा आक्षेप सक्तीच्या सात वर्षांवर होता, आणि तो निराधार नव्हता. उमेदवारीसाठी पालकांना धन्यास रक्कम द्यावी लागे, वर्षानुवर्षे मुलाचे श्रम बिनमोल वापरले जात, आणि गरिबाच्या मुलास चांगल्या कार्यशाळेचे दार क्वचितच उघडे असे. सक्तीची ही कलमे अखेर १८१४ मध्ये रद्द झाली.

तथापि, कार्यशाळेतील शिक्षण कायद्याने किंवा स्मिथच्या युक्तिवादाने मोडले, असे समजणे चुकीचे ठरेल. ते श्रमविभागाने आतून पोखरले गेले. लंडनच्या क्लार्कनवेल भागात आणि त्याहूनही अधिक प्रमाणात स्वित्झर्लंडच्या ज्युरा पर्वतप्रदेशात, एक घड्याळ अनेक घरांतून फिरत फिरत पुरे होऊ लागले. कोणी केवळ स्प्रिंगा करी, कोणी तबकड्या, कोणी काटे, तर कोणी चक्रांचे दातेच कापी. मार्क्सने १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथात या धंद्यातील कारागिरांच्या प्रकारांची लांबलचक यादी दिली आहे आणि ला शो-द-फों हे सगळे नगरच घड्याळांचा एक कारखाना असल्याचे म्हटले आहे. अशा स्थितीत उस्ताद स्वतःच एका भागापुरता उस्ताद राहिला. त्याच्या उमेदवारास संपूर्ण घड्याळ कोण शिकविणार?

घड्याळविद्येची विद्यालये या प्रश्नातून जन्मास आली. कार्यशाळेचे ज्ञान जुने झाले म्हणून ती निघाली नाहीत. कोणत्याही एका कार्यशाळेत ते ज्ञान पूर्णत्वाने उरले नव्हते, म्हणून ती निघाली. जिनीव्हात १८२४ मध्ये, ला शो-द-फों येथे १८६५ मध्ये, तर ल लोक्ल येथे १८६८ मध्ये विद्यालय स्थापन झाले. सॅक्सनीमध्ये शासनाने वेगळा मार्ग अवलंबिला. खाणी आटल्यामुळे दरिद्री झालेल्या ग्लासह्यूट गावी फर्डिनांड आडोल्फ लांगे याने १८४५ मध्ये ७,८२० थालरचे सरकारी कर्ज घेऊन पंधरा उमेदवारांना शिकविण्याचे पत्करले. त्याच गावी १८७८ मध्ये जर्मन घड्याळ-विद्यालय उघडले. लंडनमध्ये क्लार्कनवेलच्या कारागिरांनी १८५८ मध्ये ब्रिटिश होरोलॉजिकल इन्स्टिट्यूट ही संस्था काढली.

या विद्यालयांनी कार्यशाळेचा त्याग केला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कानशीने धातूचा पृष्ठभाग अगदी सपाट करणे, लेथवर आस उतरविणे, स्वतःची हत्यारे स्वतः तयार करणे, आणि शेवटी एक संपूर्ण घड्याळ सिद्ध करणे, असा तेथील क्रम असे. नवी भर पडली ती गणिताची, रेखनाची व सिद्धान्ताची. गुपिते राखण्याची अट गेली, ज्ञान छापले गेले, आणि उस्तादाच्या मर्जीऐवजी अभ्यासक्रम आला. हा लाभ थोडा नव्हे.

दुरुस्तीच्या शिक्षणास या इतिहासात पुढे स्वतंत्र महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वॉल्थम येथील कारखान्याने परस्परांच्या जागी बसू शकणारे सुटे भाग यंत्राने काढण्यास आरंभ केला. कारखान्यातील कामगारास संपूर्ण घड्याळ समजण्याची गरज तेव्हापासून उरली नाही. ती उरली दुरुस्ती करणाऱ्यास. कारण त्याच्यापुढे येणारे घड्याळ कोणत्याही देशाचे, कोणत्याही काळाचे आणि कोणत्याही कारणाने बंद पडलेले असते. ज्ञानाची समग्रता निर्मात्याकडून दुरुस्ती करणाऱ्याकडे आली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

त्याच्या ज्ञानाचे स्वरूप भाषेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मनगटी घड्याळातील संतुलनचक्राच्या आसाचे टोक सुमारे एकदशांश मिलिमीटर जाडीचे असते. ते रत्नाच्या छिद्रात 'किंचित' सैल हवे, त्यास 'थोडेसे' तेल हवे, केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्याने 'हलकेच' वळवावी, असे कोणतीही पुस्तिका सांगते. तेल कमी पडले तर टोक झिजते. अधिक झाले तर ते पसरून जागेवरून निघून जाते व परिणाम तोच होतो. किंचित म्हणजे किती, हलके म्हणजे किती, हे ती विशेषणे स्वतः सांगत नाहीत. शेजारी बसलेला जाणता माणूस भिंगातून पाहून 'अजून नाही' किंवा 'आता पुरे' असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दांस माप मिळते. अलीकडील मापनयंत्रे घड्याळाची चूक अचूक दाखवितात. ती हाताने कशी काढावयाची, हे दाखवीत नाहीत.

आपल्याकडे 'उमेदवार' हा शब्द फारसीतून आला. 'अ‍ॅप्रेंटिस' या शब्दाच्या मुळाशी शिकण्याची कल्पना आहे, जर्मन 'लेरलिंग' शब्दात शिकविण्याची; 'उमेदवार' म्हणजे मात्र आशा धरून असलेला. निवडणूक व नोकरी या क्षेत्रांत तो शब्द रूढ झाल्यामुळे १९६१ च्या कायद्यासंबंधी मराठीत 'शिकाऊ उमेदवार' असे म्हणावे लागते. त्याच वर्षी हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत घड्याळदुरुस्ती हाही विषय शिकविला गेला. पण गावोगावच्या पेठांत ही विद्या मुख्यत्वे दुकानातल्या बाकावरच, वडिलांकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे गेली.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास सुमारे ९०,००० माणसे होती. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आली. आपल्याकडे एच. एम. टी. वॉचेस कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. स्वस्त घड्याळ दुरुस्त करण्याऐवजी बदलले जाऊ लागले, दुकानातील काम पट्टा व बॅटरी बदलण्यापर्यंत आले, आणि बाकाशेजारची दुसरी खुर्ची रिकामी झाली. यांत्रिक घड्याळांस पुढे पुन्हा मागणी आली, तेव्हा शिकविणारे हात कमी झाले होते. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमाप्रदेशातील यांत्रिक घड्याळविद्येची युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. परंतु नोंद झाली म्हणजे विद्या हातात आली, असे नव्हे.

छापील ज्ञान कोठवर पोहोचते, याचे एक उदाहरण नमूद करणे इष्ट वाटते. संपूर्ण घड्याळ एकट्याने करणारे जॉर्ज डॅनियल्स यांनी १९८१ मध्ये आपली सारी पद्धती एका ग्रंथात सचित्र मांडली. काहीही लपविले नाही. मँचेस्टरच्या विद्यालयात शिकलेल्या रॉजर स्मिथ या तरुणाने तो ग्रंथ पुढे ठेवून एक खिशातील घड्याळ केले व डॅनियल्सना दाखविले. ते हाताने केल्यासारखे दिसते, म्हणून त्यांनी ते नापसंत केले. स्मिथ परतले आणि अनेक वर्षे खपून त्यांनी दुसरे केले. ते मान्य झाले, व पुढे त्यांना डॅनियल्सच्या शेजारी काम करण्याची संधी मिळाली. स्मिथ यांना इथवर आणण्यास ग्रंथ पुरेसा होता. त्यांचे पहिले घड्याळ कोठे उणे पडते, हे मात्र त्या ग्रंथात नव्हते. ते डॅनियल्सच्या नजरेत होते.

म्हणून ॲडम स्मिथचे म्हणणे अर्धे स्वीकारावे लागते. घड्याळजीच्या धंद्यात लपविण्याजोगे रहस्य खरोखरच नाही. जे आहे ते लपविलेले नसून, केवळ चूक घडताना दुरुस्त होण्यातूनच मिळणारे आहे, आणि त्यासाठी चूक करणारा व ती ओळखणारा असे दोघे एके ठिकाणी हजर असावे लागतात. कारागिरीचे शब्दसंग्रह व परिभाषाकोश तयार करण्याचे काम आपली विद्यापीठे करीत आली आहेत, व ते अवश्य व्हावे. परंतु ज्या धंद्यांत आज जाणते कारागीर हयात आहेत, त्यांच्या बाबतीत शब्दांची नोंद घेऊन थांबणे पुरेसे नाही. त्यांच्या शेजारी एक शिकणारा बसविण्याची तजवीज त्याच वेळी व्हावयास हवी. अन्यथा 'किंचित' आणि 'हलके' हे शब्द कोशात राहतील, आणि त्यांचे माप ठाऊक असलेला कोणी राहणार नाही.